यदृच्छ आव्यूहांची लाक्षणिक मूल्ये : एक ऐतिहासिक आढावा

यदृच्छ आव्यूह : ज्या आव्यूहाचे घटक निश्चित संख्या नसून यदृच्छ चल असतात, म्हणजे ज्यांची मूल्ये संभाव्यतेच्या एखाद्या नियमानुसार ठरतात, अशा आव्यूहास यदृच्छ आव्यूह म्हणतात. आव्यूह म्हणजे आडव्या ओळी व उभे स्तंभ यांत मांडलेला संख्यांचा समूह. चौरस आव्यूहाने एखाद्या सदिशाला गुणले असता सामान्यतः त्या सदिशाची लांबी व दिशा ही दोन्ही बदलतात. परंतु काही विशिष्ट दिशांतील सदिशांची दिशारेषा तीच राहून केवळ लांबी काही पटींनी बदलते. ही पट दर्शविणाऱ्या संख्येस त्या आव्यूहाचे लाक्षणिक मूल्य किंवा आयगेन मूल्य म्हणतात. पुलाच्या नैसर्गिक कंपनांची कंप्रता, अणूच्या ऊर्जा पातळ्या, अनेक चलांच्या सांख्यिकीय सामग्रीतील प्रमुख दिशा या सर्व गोष्टी अशाच मूल्यांवरून ठरतात. [→ आव्यूह सिद्धांत].

एक हजार ओळी व एक हजार स्तंभ असलेला एक सममित आव्यूह घ्यावा व त्यातील प्रत्येक स्वतंत्र घटक नाणे उडवून धन १ किंवा ऋण १ असा ठरवावा. असे स्वतंत्र घटक ५,००,५०० होतील. कोणत्या जागी कोणते चिन्ह येईल हे कोणीही सांगू शकणार नाही. असे असूनही या आव्यूहाची एक हजार लाक्षणिक मूल्ये जवळजवळ सर्वच्या सर्व ऋण ६३ ते धन ६३ यांच्या दरम्यान पडतील आणि त्यांच्या घनतेचा आलेख काढला, तर योग्य प्रमाण घेतल्यास तो अर्धवर्तुळाकार दिसेल. नाणी पुन्हा उडविली, तरी चित्र तेच. घटक अनिश्चित असले, तरी त्यांच्यापासून निघणारी मूल्ये समूहाने पाहता जवळजवळ निश्चित असतात, हा या सिद्धांताचा गाभा होय. असे का व्हावे याचे उत्तर एकाच शास्त्राने एकाच वेळी दिलेले नाही. सांख्यिकी, अणुकेंद्रीय भौतिकी आणि संख्या सिद्धांत या तीन क्षेत्रांत एकच सूत्र वेगवेगळ्या काळी अवतरले व ते एकच आहे हे प्रत्येक वेळी उशिराने लक्षात आले.

सांख्यिकीतील उगम : या विषयातील पहिला महत्त्वाचा लेख ब्रिटिश सांख्यिकीविज्ञ जॉन विशार्ट (१८९८–१९५६) यांनी १९२८ मध्ये बायोमेट्रिका या नियतकालिकात प्रसिद्ध केला. अनेक परस्परसंबद्ध चलांची (उदा., एकाच व्यक्तीची उंची, वजन व डोक्याचा घेर यांची) मोजमापे प्रसामान्य वंटनाचे अनुसरण करीत असतील, तर नमुन्यावरून काढलेल्या प्रचरण-सहप्रचरण आव्यूहाचे संभाव्यता वंटन काय असेल, हा त्यांच्यापुढील प्रश्न होता. त्यांनी काढलेले वंटन आज त्यांच्याच नावाने ओळखले जाते.

विशार्ट यांचे वंटन आव्यूहाच्या घटकांसंबंधी होते. लाक्षणिक मूल्यांचे संयुक्त वंटन काढण्यास आणखी अकरा वर्षे लागली आणि मग १९३९ या एकाच वर्षी ते चौघांनी प्रसिद्ध केले. इंग्लंडमध्ये रॉनल्ड एल्मर फिशर, तेथेच काम करीत असलेले चिनी गणितज्ञ शू बाओ-लू, अमेरिकेत मेयर अब्राहम गिर्शिक आणि कलकत्त्यात समरेंद्रनाथ रॉय (१९०६–६४) हे ते चौघे होत. रॉय यांचा लेख प्रशांतचंद्र महालनोबीस यांच्या भारतीय सांख्यिकीय संस्थेच्या संख्या या नियतकालिकात आला. महालनोबीस यांनी मानवमितीय मोजमापांवरून दोन मानवसमूहांतील अंतर मोजण्याची पद्धत बसविली होती व बहुचल विश्लेषण हा त्या संस्थेतील अभ्यासाचा एक प्रमुख विषय झाला होता. रॉय यांचे कार्य त्याच वातावरणात झाले, हे ध्यानात घेतले म्हणजे चार दूरस्थ ठिकाणी एकाच वेळी एकच सूत्र निघाल्याचे फारसे आश्चर्य वाटत नाही. प्रश्न सर्वत्र तयार होता.

या सूत्रात एक गुणक असा आहे की, पुढील सर्व इतिहास त्याच्याभोवती फिरतो. लाक्षणिक मूल्यांच्या प्रत्येक जोडीतील फरक घेऊन या सर्व फरकांचा गुणाकार संभाव्यतेच्या सूत्रात येतो. दोन मूल्ये एकमेकांच्या जवळ आली की त्यांतील फरक शून्याकडे जातो आणि त्यामुळे संभाव्यताही शून्याकडे जाते. म्हणजेच लाक्षणिक मूल्ये परस्परांपासून जणू दूर राहू पाहतात. सांख्यिकीविज्ञांच्या हाती हे सूत्र १९३९ मध्येच होते. परंतु त्यांच्या व्यवहारात चलांची संख्या तीन, चार किंवा फार तर दहा असे. आकार अमर्याद वाढविल्यास काय होईल, हे विचारण्याचे त्यांना प्रयोजन नव्हते. ते प्रयोजन दुसऱ्या एका शास्त्रात निर्माण झाले.

अणुकेंद्राच्या ऊर्जा पातळ्या : मंदगती न्यूट्रॉनांचा युरेनियमासारख्या जड मूलद्रव्यावर मारा केला असता न्यूट्रॉनाच्या काही ठराविक ऊर्जांना तो अणुकेंद्राकडून विशेष प्रमाणात शोषला जातो किंवा विखुरला जातो. या अनुस्पंदनांपैकी युरेनियम-२३८ ची पहिली ठळक अनुस्पंदने सुमारे ६·७, २०·९, ३६·७ व ६६ इलेक्ट्रॉन व्होल्ट या ऊर्जांना आढळतात. प्रत्येक अनुस्पंदन हे न्यूट्रॉन शोषल्यावर बनणाऱ्या संयुक्त अणुकेंद्राच्या एकेका ऊर्जा पातळीचे निदर्शक असते. न्यूट्रॉन आत शिरताच त्या अणुकेंद्राला सु. ४८ लाख इलेक्ट्रॉन व्होल्ट इतकी ऊर्जा मिळते आणि त्या उंचीवर पातळ्यांमधील सरासरी अंतर मात्र २० इलेक्ट्रॉन व्होल्टच्या आसपास, म्हणजे अडीच लाखांत एक भाग, इतके अल्प असते.

पुंजयामिकीनुसार या पातळ्या ऊर्जेच्या आव्यूहाची लाक्षणिक मूल्ये होत. परंतु २३९ कणांच्या अणुकेंद्राचा असा आव्यूह नेमका लिहिणे व सोडविणे अशक्यप्राय होते. नील्स बोर यांनी १९३६ मध्ये संयुक्त अणुकेंद्राची कल्पना मांडताना, आत शिरलेल्या कणाची ऊर्जा सर्व कणांत वाटली जाते व त्या कणाचा पूर्वेतिहास पुसला जातो, असे दाखविले होते. हंगेरीत जन्मलेले अमेरिकन भौतिकीविज्ञ यूजीन पॉल विग्नर (१९०२–९५) यांनी त्यापुढचे पाऊल टाकले. आव्यूह माहीत नसेल, तर तो यदृच्छ मानावा आणि सर्व संभाव्य आव्यूहांच्या समुदायात जे गुणधर्म बहुतेकांस समान आहेत तेच तेवढे तपासावेत, असा त्यांचा विचार होता. वायूतील प्रत्येक रेणूचा मार्ग ठाऊक नसताना तापमान व दाब यांचे नियम काढता येतात, त्याच धर्तीचा हा विचार आहे. तथापि त्यात एक मोठा फरक आहे. तेथे अज्ञान कणांच्या स्थितीविषयी असते, येथे ते खुद्द प्रेरणांच्या नियमाविषयी गृहीत धरले आहे. हे धाडस समकालीनांना चमत्कारिक वाटले असल्यास नवल नाही.

अर्धवर्तुळाचा नियम विग्नर यांच्या १९५५ च्या लेखात आला. त्यात त्यांनी ज्यांच्या घटकांचे परिमाण समान पण चिन्हे यदृच्छ आहेत असे सममित आव्यूह विचारात घेतले होते. १९५८ मध्ये त्यांनी तो नियम घटकांच्या पुष्कळ अधिक व्यापक वंटनांना लागू केला. सिद्धतेची युक्ती साधी पण मार्मिक आहे. लाक्षणिक मूल्यांच्या एखाद्या घाताची बेरीज ही आव्यूहाच्या त्याच घाताच्या मुख्य कर्णावरील घटकांच्या बेरजेइतकी असते आणि ती बेरीज म्हणजे ओळींच्या क्रमांकांवरून फिरून मूळ जागी परत येणाऱ्या सर्व फेऱ्यांची बेरीज होय. ज्या फेरीत एखादा टप्पा एकदाच येतो तिचे सरासरी योगदान शून्य असते, कारण धन व ऋण चिन्हे एकमेकांस छेदतात. आकार मोठा होत गेला की, ज्यांत प्रत्येक टप्पा एकदा जाताना व एकदा परतताना असा नेमका दोनदा येतो, अशा झाडाच्या फांद्यांसारख्या फेऱ्याच उरतात. त्यांची संख्या अनुक्रमे १, २, ५, १४, ४२ अशी येते. या कॅटलान संख्या असून अर्धवर्तुळाकार वंटनाची सम परिबले नेमकी हीच असतात. घटकांचे वंटन कोणते होते, याची खूण शेवटी उरत नाही.

मात्र प्रत्यक्ष अणुकेंद्राच्या पातळ्यांची घनता अर्धवर्तुळाप्रमाणे नसते; ती ऊर्जेबरोबर अतिशय वेगाने वाढत जाते. विषयावरील सुलभ लेखनात ही बाब पुष्कळदा वगळली जाते, ते योग्य नव्हे. अर्धवर्तुळ हा गणितातील अत्यंत सुंदर नियम आहे, पण ज्या प्रश्नासाठी तो शोधला गेला त्याचे ते उत्तर नव्हते. खरे यश पातळ्यांच्या घनतेत मिळाले नाही, तर लगतच्या पातळ्यांमधील अंतरात मिळाले.

अंतरांचे वंटन : अमेरिकेतील टेनेसी राज्यात गॅटलिनबर्ग येथे न्यूट्रॉन भौतिकीवरील परिषद १९५६ मध्ये भरली होती. तेथे विग्नर यांनी पातळ्यांतील अंतरांच्या वंटनाविषयी एक तर्क मांडला. एका पातळीपासून काही अंतरावर पुढची पातळी सापडण्याची शक्यता त्या अंतराच्या प्रमाणात वाढते, एवढेच गृहीत धरून त्यांनी सूत्र काढले. या गृहीतकाचे मूळ त्यांनी व जॉन फोन नॉयमान यांनी १९२९ मध्ये लिहिलेल्या एका लेखात सापडते. दोन ओळींच्या सममित आव्यूहाची दोन मूल्ये समान व्हावयाची असतील, तर कर्णावरील दोन घटक समान असणे आणि त्याच वेळी कर्णाबाहेरील घटक शून्य असणे, या दोन्ही गोष्टी आवश्यक असतात. एक योगायोग पुरत नाही, दोन लागतात; म्हणून समानता विरळा. पातळ्या एकमेकींस टाळतात असे म्हणतात त्याचा अर्थ इतकाच आहे.

या तर्काचा परिणाम आकड्यांत पाहणे उद्बोधक ठरेल. पातळ्या ऊर्जेच्या अक्षावर स्वैरपणे विखुरल्या असत्या, तर दर हजार अंतरांपैकी सु. ९५ अंतरे सरासरीच्या एक-दशांशाहून लहान आढळली असती. विग्नर यांच्या सूत्राप्रमाणे अशी अंतरे केवळ ८ असावयास हवीत. प्रयोगांचा कौल विग्नर यांच्या बाजूने होता, पण त्या काळी उपलब्ध पातळ्यांची संख्या अल्प होती आणि सूत्रही अनुमानाने काढलेले होते.

अचूक उत्तर काढण्याचे श्रेय मदनलाल मेहता (१९३२–२००६) व मिशेल गोदँ यांच्याकडे जाते. मेहता मूळचे राजस्थानातील. राजस्थान विद्यापीठातून १९५६ मध्ये गणिताची एम्. एस्सी. पदवी घेतल्यानंतर त्यांनी दोन वर्षे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम केले आणि १९५८ मध्ये ते पॅरिसजवळील साक्ले येथील अणुकेंद्रीय अध्ययन केंद्रात गेले. तेथे क्लोद ब्लॉक यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी प्रसामान्य घटकांच्या आव्यूहांचा प्रश्न हाती घेतला. फरकांचा तो प्रचंड गुणाकार म्हणजे एक निर्धारकच आहे व त्यात हर्मिट बहुपदींचा वापर केल्यास शेकडो चलांवरील संकलन एकेक करून पार पाडता येते, हे मेहता व गोदँ यांनी १९६० व १९६१ मधील लेखांत दाखविले. त्यांचे अचूक वंटन विग्नर यांच्या तर्काच्या इतके जवळ निघाले की, साध्या आलेखावर दोन वक्र वेगळे ओळखणे कठीण जाते. उगमबिंदूपाशी चढ विग्नर यांच्या सूत्रात १·५७१ येतो, तर अचूक सूत्रात १·६४५. दोनच ओळींच्या आव्यूहावरून केलेला तर्क अनंत आकाराच्या आव्यूहास इतका लागू पडावा, यात अंतर्दृष्टीइतकाच दैवाचाही भाग होता, असे म्हणावे लागते. मेहता यांचा या विषयावरील ग्रंथ १९६७ मध्ये प्रसिद्ध झाला. १९९१ व २००४ मध्ये त्याच्या वाढविलेल्या आवृत्त्या निघाल्या आणि कित्येक पिढ्यांनी हा विषय त्यातूनच शिकला.

फ्रीमन डायसन (१९२३–२०२०) यांनी १९६२ मध्ये या सिद्धांताला त्याची चौकट दिली. काळाची दिशा उलटली असता प्रणालीचे नियम बदलतात की नाही व तिचे परिवलन कोणत्या प्रकारचे आहे, यांवरून आव्यूहांचे तीनच मूलभूत वर्ग पडतात, असे त्यांनी दाखविले. तिन्ही वर्गांत फरकांचा गुणाकार येतो, पण त्याचा घात अनुक्रमे १, २ व ४ असतो. लाक्षणिक मूल्ये म्हणजे एका रेषेवरील परस्परांना दूर सारणारे विद्युत् भार होत, अशी उपमाही त्यांनी वापरली व ती केवळ उपमा राहिली नाही, तर गणनेचे साधन बनली. डायसन व मेहता यांनी १९६३ मध्ये पातळ्यांच्या दीर्घ पल्ल्याच्या शिस्तीचा अभ्यास केला. सरासरीने १०० पातळ्या असाव्यात अशा ऊर्जेच्या पट्ट्यात स्वैर विखुरणीत १० इतके प्रमाण विचलन अपेक्षित असते, तर पहिल्या वर्गातील आव्यूहांत ते १ पेक्षा किंचितच अधिक असते. ही शिस्त स्फटिकाइतकी कडक नव्हे, परंतु वायूपेक्षा तिची जवळीक स्फटिकाशीच अधिक आहे.

निर्णायक पडताळा २० वर्षांनी आला. ओरिओल बोहिगास, रिझवान-उल हक व अखिलेश पांडे यांनी १९८२-८३ मध्ये अनेक अणुकेंद्रांवरील मोजमापे एकत्र करून १,७२६ अंतरांची सामग्री तपासली व ती पहिल्या वर्गाच्या भाकितांशी उत्तम जुळली. त्यानंतर १९८४ मध्ये बोहिगास, जिआन्नोनी व श्मिट यांनी अशी अटकळ मांडली की, कणांची संख्या मोठी असणे आवश्यकच नाही. ज्या प्रणालीची अभिजात गती अनियत असते अशा एकाच कणाच्या पातळ्याही हेच नियम पाळतात. यदृच्छता बाहेरून गृहीत धरण्याऐवजी गतीच्या स्वरूपातच तिचे कारण शोधण्याचा हा प्रयत्न होता.

संख्या सिद्धांत व इतर क्षेत्रे : मूळ संख्यांच्या वाटणीशी निगडित असलेल्या रीमान झीटा फलनाच्या शून्यस्थानांतील अंतरांचा अभ्यास अमेरिकन गणितज्ञ ह्यू माँटगोमेरी करीत होते. प्रिन्स्टन येथील प्रगत अध्ययन संस्थेत १९७२ मध्ये चहाच्या वेळी भारतीय गणितज्ञ सर्वदमन चौला (१९०७–९५) यांनी आग्रहाने त्यांची डायसन यांच्याशी ओळख करून दिली. माँटगोमेरी यांनी आपले सूत्र सांगताच डायसन यांनी ते ओळखले. दुसऱ्या वर्गातील यदृच्छ आव्यूहांच्या मूल्यजोड्यांचे सूत्र तेच होते. अँड्रू ओड्लिझ्को यांनी १९८७ पासून प्रसिद्ध केलेल्या विस्तृत गणनांत हे साम्य थक्क करणाऱ्या अचूकतेने दिसून आले. माँटगोमेरी यांची अटकळ अद्याप सिद्ध झालेली नाही; अणुकेंद्र व मूळ संख्या यांत हे साम्य का असावे याचे सर्वमान्य स्पष्टीकरणही नाही.

सांख्यिकीकडे विषय परतला तो खार्कॉव्हमार्गे. तेथील व्लादिमीर मार्चेंको व लिओनिद पास्तूर यांनी १९६७ मध्ये विशार्ट यांच्या प्रकारच्या मोठ्या आव्यूहांचा सीमानियम काढला. त्याचा इशारा व्यवहारी आहे. समजा, १०० चल परस्परांशी पूर्णपणे असंबद्ध असून प्रत्येकाचे प्रचरण १ आहे आणि निरीक्षणे ४०० घेतली आहेत. खऱ्या आव्यूहाची सर्व लाक्षणिक मूल्ये १ आहेत. नमुन्यावरून काढलेली मूल्ये मात्र ०·२५ पासून २·२५ पर्यंत पसरतात. हा पसारा पाहून जो प्रमुख घटक शोधू लागेल तो नसलेली रचना शोधील. फ्रान्समधील संशोधकांच्या एका गटाने १९९९ मध्ये अमेरिकन शेअर बाजारातील ४०६ कंपन्यांच्या भावांचा सहसंबंध आव्यूह तपासला, तेव्हा त्याच्या लाक्षणिक मूल्यांपैकी ९४ टक्के मूल्ये निव्वळ यदृच्छतेने समजावून देता येण्याजोगी निघाली. परिस्थितिविज्ञानात रॉबर्ट मे यांनी १९७२ मध्ये याच विचारसरणीने दाखविले की, जातींची संख्या व त्यांच्यातील परस्परसंबंध एका मर्यादेपलीकडे वाढल्यास यदृच्छपणे जोडलेली परिसंस्था अस्थिर होते. विविधतेमुळे स्थैर्य येते या तोवरच्या समजुतीला त्यामुळे धक्का बसला.

सर्वांत मोठ्या लाक्षणिक मूल्याचे चढउतार कोणत्या वंटनाने होतात, हे क्रेग ट्रेसी व हॅरल्ड विडम यांनी १९९३-९४ मध्ये काढले. हे वंटन प्रसामान्य वंटनासारखे सममित नाही. त्यानंतर ते अनपेक्षित ठिकाणी आढळू लागले. बाइक, डाइफ्ट व योहान्सन यांनी १९९९ मध्ये, यदृच्छ क्रमाने मांडलेल्या संख्यांतून निवडता येणाऱ्या सर्वांत लांब चढत्या क्रमाची लांबीही त्याच वंटनाने बदलते, हे सिद्ध केले. मेक्सिकोतील क्वेर्नाव्हाका शहरातील बसगाड्यांच्या वेळांतही यदृच्छ आव्यूहांचा अंतरनियम २००० मध्ये दोन भौतिकीविज्ञांनी दाखविला. तेथे वेळापत्रक नव्हते व चालक पुढच्या गाडीपासूनचे अंतर सांभाळीत असत, हे त्याचे कारण.

सार्वत्रिकतेची सिद्धता : मेहता व गोदँ यांची अचूक सूत्रे घटक प्रसामान्य वंटनाचे असतील तरच सिद्ध होत होती. प्रत्यक्ष अणुकेंद्रातील प्रेरणा तशा असण्याचे काहीच कारण नव्हते. अर्धवर्तुळाच्या बाबतीत घटकांचे वंटन महत्त्वाचे नाही, हे विग्नर यांनी दाखविले होते; अंतरांच्या बाबतीत मात्र तो ५० वर्षे केवळ विश्वास होता. त्याची सिद्धता २००९ ते २०११ या काळात दोन गटांनी दिली : एकीकडे लास्लो एर्दश, बेंजामिन श्लाइन, होर्ंग-त्झर याऊ व त्यांचे सहकारी आणि दुसरीकडे टेरेन्स टाओ व व्हॅन व्हू. एर्दश व याऊ यांच्या गटाने डायसन यांच्याच १९६२ च्या एका कल्पनेचा उपयोग केला. आव्यूहाचे घटक ब्राउनीय गतीने हळूहळू बदलू दिले, तर लगतच्या मूल्यांमधील संबंध अत्यल्प काळात समतोलास पोहोचतात आणि इतक्या अल्प काळात मूळ आव्यूह फारसा बदललेला नसतो. टाओ व व्हू यांनी घटक एकेक करून बदलत नेले व पहिली चार परिबले जुळत असल्यास अंतरांच्या वंटनात फरक पडत नाही, असे दाखविले.

या प्रमेयांत आव्यूहाचे सर्व घटक परस्परांपासून स्वतंत्र मानलेले आहेत. अणुकेंद्रात कण मुख्यतः दोन-दोनांच्या जोड्यांनी परस्परांवर क्रिया करतात. त्यामुळे त्याच्या आव्यूहात बहुसंख्य घटक शून्य व उरलेले परस्परावलंबी असतात. अशा आव्यूहांसाठी तसेच अनियत गतीच्या एकेका प्रणालीसाठी बोहिगास व त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलेल्या अटकळीची काटेकोर गणिती सिद्धता अजून उपलब्ध नाही. युरेनियमाच्या ज्या पातळ्यांपासून विग्नर निघाले, त्यांना हा नियम लागू पडतो याचा आधार आजही प्रयोगाचाच आहे.